‘मादी पिल्ले निवडून घ्यावीत’, पण कशी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर परसातल्या कोंबड्यांवर लेख आला होता. लेख चांगला होता. राणीखेतची लस कधी द्यायची, खुराडं जमिनीपासून किती उंच हवं, पाण्याची भांडी कशी ठेवायची, सगळं नीट सांगितलं होतं. मी तो कापून डब्यात ठेवलाय. फक्त त्यातलं एक वाक्य घशात हाडूक अडकावं तसं अडकलं. ‘एक दिवसाची निरोगी मादी पिल्ले निवडून घ्यावीत.’

कशी निवडायची, ते लेखात कुठेच नाही. मेथीची जुडी निवडावी तसं लिहून मोकळे.

लेखकावर माझा राग नाही. हेच वाक्य मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत मोठ्या तोऱ्यात बोलले होते आणि त्यापायी दहा बायांचे सहा हजार रुपये एका माणसाच्या हातावर ठेवले होते. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण रंगीत पिल्लांचा भाग तेवढा कापू नका.

मी अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या गावात राहते. एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. सासूबाईंच्या वेळेपासून आमच्या दारात पंधरा-वीस गावरान कोंबड्या असतातच. पण ती घरची कोंबडी, घरचीच अंडी. कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवायची, एकवीस दिवसांनी जे निघेल ते आपलं. गटाला मात्र अंड्यांचा धंदा करायचा होता. त्यासाठी माद्या हव्या होत्या आणि त्या लवकर हव्या होत्या.

संक्रांतीनंतर मोटारसायकलवर भोकं पाडलेली खोकी बांधून एक एजंट आला. मिश्र पिल्लं चाळीस रुपयांना, माद्याच हव्या असतील तर साठ. मी विचारलं, मादी कशावरून? त्याने एक पिल्लू उचललं, बोटाने त्याचा पंख फाकवला आणि म्हणाला, “हे बघा ताई, लांब पिसं. मादी.” मी चष्मा लावून बघितलं. पिसं होती खरी. तीस वर्षं पोरांची वजनं केलेली बाई मी, कुणी काहीतरी मोजून दाखवलं की माझा लगेच विश्वास बसतो. शंभर पिल्लं घेतली.

गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या ओसरीत पत्र्याचं गोल कडं केलं, खाली लाकडाचा भुसा, वर दोन बल्ब, पहिल्या दिवशी गूळपाणी आणि भरडलेला मका. थंडी कडक होती आणि रात्री वीज जायची. पिल्लं एकावर एक चढून ढीग करायची आणि खालची दबून मरायची. अकरा गेली. उरलेल्या एकोणनव्वदांना आम्ही नातवंडांसारखं जपलं. सहाव्या आठवड्यात शेजारच्या जिजी ओसरीत येऊन बसल्या, घटकाभर निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “माय वं, या ते समदा कोंबडाच निंघनात!”

समदा नव्हे, पण तीन महिन्यांनी मोजले तेव्हा सत्तेचाळीस नर आणि बेचाळीस माद्या होत्या. म्हणजे मिश्रच पिल्लं होती. वरचे दोन हजार रुपये नुसत्या ‘मादी’ या शब्दाचे गेले. एजंटाचा फोन अर्थातच लागत नाही.

मग मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी बसवून समजावलं, ते इथे देते, कारण लेखात हेच हवं होतं.

पंखावरून नर-मादी ओळखता येते हे खोटं नाही. पंखाच्या कडेला पिसांच्या दोन ओळी असतात, एक मोठ्या पिसांची आणि तिच्यावर झाकण घालणारी दुसरी. मोठी पिसं स्पष्ट लांब दिसली तर मादी, दोन्ही सारखी किंवा मोठीच आखूड असली तर नर. पण हे कधी? आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा, असं जोडपं मुद्दाम जुळवलेलं असेल तेव्हाच. तेही पहिल्या दोन-तीन दिवसांत. नंतर सगळ्यांचीच पिसं वाढतात. गावरानात किंवा कोणती आई, कोणता बाप हेच माहीत नसलेल्या पिल्लांत पंख बघणं म्हणजे तळहात बघून पाऊस सांगण्यासारखं. रंगाचंही तसंच. पट्टेदार पिसांची कोंबडी आणि लाल कोंबडा यांची पिल्लं काढली तर नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, मादीच्या येत नाही. ठरावीक जोडप्यातच हे चालतं.

तिसरी रीत जपानची. १९२०च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी ती शोधली. पिल्लू हातात धरून, विष्ठा दाबून काढून, गुदद्वाराच्या आत बारीक उंचवटा आहे की नाही ते बघायचं. नराचा उंचवटा मोहरीएवढाही नसतो आणि काही माद्यांमध्येही तसाच काहीतरी दिसतो. सरावलेला माणूस तासाला हजारभर पिल्लं बघतो आणि शंभरात दोन-तीनच चुकतो. हे शिकायला वर्षं जातात. नवख्याने दाबून बघितलं तर पिल्लाचं आतडं दुखावतं, पोटात न जिरलेला बलक फुटतो, आणि एका पिल्लाची घाण दुसऱ्याला लागून रोग पसरतो. डॉक्टर म्हणाले, “ताई, हे मी स्वतःही करत नाही.”

घरी आल्यावर मला चैन पडेना. सासूबाई सांगायच्या, अंडं टोकदार ते कोंबडा, गोल ते कोंबडी. जिजींचं म्हणणं, पिल्लाला मानेला धरून उचलावं, पाय पोटाशी घेतले तर मादी, लोंबत सोडले तर नर. गटातली एक बाई दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरायची. नोकरीतली सवय अशी की रजिस्टर घातल्याशिवाय माझा जीव शांत होत नाही. तेव्हा घरी तीन कोंबड्या खुडूक होत्या. काबरीखाली वेचून टोकदार अंडी ठेवली, तांबडीखाली वेचून गोल. काबरीची नऊ पिल्लं निघाली, तांबडीची दहा. प्रत्येकाच्या पायाला वेगळ्या रंगाची लोकर बांधली, रोज जिजींना बोलावून मानेला धरून उचलायला लावलं आणि वहीत लिहिलं. जिजींनी एकाच पिल्लाला सोमवारी मादी केलं आणि बुधवारी नर. टोकदार अंड्यांतून पाच नर, चार माद्या निघाल्या. गोल अंड्यांतून पाच-पाच. तिसऱ्या कोंबडीची अंडी मांजराने खाल्ली, त्यामुळे सुईचा निकाल लागलाच नाही. सुईवालीचा विश्वास अजून कायम आहे.

याच ओघात डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईच्या अंड्यावर ठरतं, कोंबड्याचा त्यात हात नाही. गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा कोपऱ्यातली एक सून पटकन म्हणाली, “म्हणजे आमच्या सासूबाई जे बोलतात ते कोंबडीला लागू आहे.” सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. आम्ही चहा मागवला.

गावरान पिल्लं असतील तर थांबणं हाच उपाय. पाच-सहा आठवड्यांत नराचा तुरा लालसर आणि जाड होऊ लागतो, मादीचा फिका आणि बारीक राहतो. नराच्या पायाच्या नळ्या जाड, चाल ताठ. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती मानेची आणि कमरेची पिसं. आठ-दहा आठवड्यांनंतर नराची ही पिसं टोकदार, चमकदार येऊ लागतात, मादीची टोकाशी गोल राहतात. पायाच्या काट्यावर जाऊ नका, तो उशिरा येतो आणि म्हाताऱ्या कोंबडीलाही येतो. आरवण्यावरही पूर्ण भिस्त ठेवू नका, दबलेला नर बाकीच्यांपुढे आरवतच नाही. आमच्यातला एक चार महिने मुका होता. गटाने त्याला मादी समजून वेगळं खायला घातलं.

म्हणूनच सरकारी योजनेतला आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचा, गट मला पटतो. पंचवीस माद्या आणि तीन नर. पिल्लू महाग पडतं, पण नर-मादी डोळ्यांना दिसत असते. अंड्यांसाठी पाळायचं असेल तर बायांनी तिकडेच जावं. आणि एक दिवसाची शंभर पिल्लं घ्यायचीच असतील, तर त्यातल्या पन्नासेक नरांचं काय करायचं हे खोकं उघडायच्या आधी ठरवावं. लेखात याच्यावर एक अक्षर नाही, आणि खरी दमछाक तिथेच होते.

दहा माद्यांना एक नर पुरतो. आमच्याकडे बेचाळीस माद्यांना सत्तेचाळीस होते. चौथा महिना लागला तशी ओसरीत रोज कुस्ती. तुरे फाटलेले, माद्यांच्या पाठी सोललेल्या, पहाटे तीनपासून एकाने सूर लावला की शेचाळीस जण साथीला. अध्यक्षीणबाईंच्या यजमानांनी शेवटी खाट उचलून मारुतीच्या पारावर नेली. बायका माझ्या दाराशी येऊन म्हणायच्या, “मॅडम, आते काय करानं?” माझ्याच सांगण्यावरून घेतलेले, त्यामुळे घरं शोधायचं काम माझ्याकडे आलं.

पाच आमच्यातच ठेवले. नऊ आजूबाजूच्या गावांत अदलाबदलीने दिले. हा मार्ग मला फार आवडला. आपल्याकडे एकच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवतात, मग तो आपल्याच लेकींवर जातो आणि पुढची पिल्लं कमकुवत निघतात, अंडी कमी उबतात. शेजारच्या गावाशी दर दीड-दोन वर्षांनी कोंबडा बदलला की दोघांचंही रक्त नवं होतं, पैसा लागत नाही. फक्त नवा आलेला तीन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवायचा, रोग नाही ना ते बघायला. सहा एका लिंबूबागवाल्याने नेले, किडे वेचतील म्हणून. त्यातले दोन मुंगसाने उचलले, चार तिथेच आहेत. एक निवृत्त गुरुजींनी नेला, पहाटे जाग यावी म्हणून. नवव्या दिवशी परत आणून दिला, कारण शेजारच्या पोराची रात्रपाळी होती आणि तो सकाळी झोपायला आला की कोंबडा खिडकीत चढायचा. तो अजून माझ्याकडे आहे. दोन कुत्र्याने धरले.

उरलेले चोवीस आषाढात गेले. चारशेच्या आसपास भाव मिळाला, गटाचे पैसे फिटले, खोटं का बोलू. पण याला मी घर मिळालं म्हणत नाही. ताट मिळालं. मी स्वतः माळकरी नाही, कोंबडा खाणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. एवढंच की विकताना ‘कुठेतरी देऊन टाकले’ असं म्हणू नये. हिशेब मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. पौषात घेतलेलं पिल्लू आषाढापर्यंत भरतं. महिनाभर चुकलं तर श्रावण लागतो, घरोघरी कानबाई देवीचे रोट असतात, आणि मग फुकट दिला तरी कोंबडा कुणी दारात उभा करत नाही.

आता रंगीत पिल्लांचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या, सोबत नातवंडं आली, आणि सायकलला जाळीची टोपली बांधून पिल्लंवाला आला. हिरवी, जांभळी, गुलाबी. वीस रुपयांना एक. आमच्या गल्लीतल्या पोरांनी बारा घेतली. ही पिल्लं आकाशातून पडत नाहीत. अंड्यांच्या कोंबड्यांची पिल्लं काढणाऱ्या केंद्रांत पहिल्याच दिवशी नर वेगळे काढतात. अंडी ते देत नाहीत, आणि ब्रॉयलरसारखे पाच-सहा आठवड्यांत भरतही नाहीत. तो वाण वेगळा, हा वेगळा. खाद्याचा खर्च निघत नाही म्हणून जगभर अशी पिल्लं त्याच दिवशी मारतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली, तिथे आता अंड्यातच नर-मादी तपासतात. आपल्याकडे मारून उरलेली रंगात बुचकळून पोरांच्या हातात येतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस अंश ऊब लागते, तीही सारखी. आमच्या आखाजीचं ऊन त्रेचाळीस-चव्वेचाळीस. दुपारी पत्र्याखाली खोकं ठेवलं की भाजून, रात्री कूलरसमोर ठेवलं की गारठून, आणि दिवसभर दहा हातांतून फिरून, पाण्यावाचून. आठव्या दिवशी बारातली तीन उरली होती. ती तिन्ही पोरांनी फ्रॉकच्या ओच्यात घालून माझ्याकडे आणली. बाकीची नऊ नदीकाठी पुरली, त्यातल्या चारांवर झेंडूची फुलं होती. ज्या आयांनी वीस रुपये दिले त्यांना मी काही म्हटलं नाही. पण पिल्लंवाल्याला थांबवून विचारलं, तर तो म्हणाला, “बाई, मी घेतली नाही तर ती गोणीत जातात.” त्यालाही मी पुढे काही बोलू शकले नाही.

आणखी एक धास्ती आहे. २००६च्या फेब्रुवारीत आपल्या खान्देशात, नवापूरला, देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि सव्वाशेहून जास्त किलोमीटरवरच्या आमच्या गावातसुद्धा कुणी अंडं हातात धरेना. २०२१ साली नवापुरातच पुन्हा तेच झालं. कुठून आलं ते माहीत नसलेलं पिल्लू आपण सरळ घरच्या कोंबड्यांत सोडतो. आणलंच असेल तर आधी वेगळं ठेवा.

आपल्याला विनंती अशी. पुढच्या अंकात त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. आणि आपल्याकडे पिल्लांच्या जाहिराती येतात, त्यात ‘मादी’ असं लिहिलं असेल तर कोणत्या रीतीने ओळखली, आणि तीन महिन्यांनी नर निघाले तर पैसे परत आहेत का, एवढं छापायला लावावं. वाचकांनी पावतीवर ‘मिश्र’ किंवा ‘मादी’ लिहून घ्यावं. आम्ही पावतीच घेतली नव्हती.

वाचलेल्या तीन रंगीत पिल्लांचे रंग तीन आठवड्यांत लवेबरोबर गळाले आणि खालून पांढरी पिसं आली. हिरवा आणि जांभळा नर निघाले, काटकुळे, पण जिवंत आहेत. गुलाबीचा तुरा वाढायचं नाव घेईना. मी वहीत दोन महिने प्रश्नचिन्ह ठेवलं. पितृपंधरवड्यात खुराड्यात पांढरंशुभ्र अंडं दिसलं, आमच्या बदामी अंड्यांत उठून दिसणारं. पिल्लं निवडणारा शंभरात दोनदा चुकतो, त्यातली ही एक. आता जवळजवळ रोज घालते.

जिची ती होती ती पोरगी सुरतेला असते. संध्याकाळी तिच्या आईच्या फोनवरून मला विचारते, “आजी, मन्ही गुलाबीनी आज अंडं दिधं का?” मी अंडं कॅमेऱ्यासमोर धरते. परवा तिने हट्ट धरला, यातून पिल्लू काढ म्हणून. गुलाबी स्वतः खुडूक बसण्याची लक्षणं नाहीत, या वाणाच्या सहसा बसत नाहीत. तांबडी बसली आहे. तिच्याखाली गुलाबीची सात अंडी ठेवली आहेत. बाप गुरुजींनी परत केलेला तोच.

माझं नाव छापू नये. छापलंत तर तालुक्यातले उरलेले कोंबडे माझ्या दारात येतील.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. अमळनेर, जि. जळगाव